मायकेल फॅरेडे: फोनच्या बॅटरीतली १८३३ सालची एक नोंद

मे महिन्यातली दुपार, बाइकच्या होल्डरला लावलेला फोन, मॅप चालू आणि सोबत चार्जिंगही. थोड्या वेळाने स्क्रीनवर मेसेज येतो की फोन गरम झालाय म्हणून चार्जिंग थांबवलं आहे. हे जवळपास सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण फोनला कळतं कसं की तो गरम झालाय?

बॅटरीला लागून मोहरीएवढा एक पार्ट बसवलेला असतो. त्याला थर्मिस्टर म्हणतात. बॅटरी तापली की या पार्टचा विजेला होणारा विरोध, म्हणजे रेझिस्टन्स, कमी होतो. चार्जिंगची चिप हा रेझिस्टन्स सतत मोजत असते. तो ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेला की चिप करंट कमी करते किंवा पूर्ण बंद करते. एवढंच.

गंमत अशी की शाळेत आपण याच्या उलट शिकलोय. तांब्याची तार तापवली की तिचा रेझिस्टन्स वाढतो. सगळ्या धातूंचं असंच. मग तापल्यावर वीज जास्त सोडणारा पदार्थ पहिल्यांदा नीट तपासला कोणी? मायकेल फॅरेडेने, १८३३ मध्ये. हे असं का होतं ते त्याला कळलं नाही, आणि त्या काळात ते कोणालाच कळणं शक्य नव्हतं. त्याने फक्त ते नीट लिहून ठेवलं.

फॅरेडे म्हटलं की पाठ्यपुस्तकातलं चुंबक आणि कॉइलचं चित्र आठवतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला त्याच्या नावाचा नियम असतो, तो पाठ केला की मार्क मिळतात. मी त्याच्याबद्दल लिहितोय ते वेगळ्या कारणासाठी. मला त्याच्या शोधांइतकीच त्याची डायरी आवडते. या माणसाची स्मरणशक्ती हळूहळू जात होती आणि त्याला ते माहीत होतं.

लोहाराचा मुलगा, बाइंडिंगचं दुकान

२२ सप्टेंबर १७९१ ला लंडनच्या दक्षिण भागात न्यूइंग्टन बट्स इथे त्याचा जन्म झाला. वडील लोहार होते, पण प्रकृतीने कमकुवत. घरात पैसा नव्हता. शाळा म्हणाल तर लिहिता-वाचता येण्यापुरती आणि थोडे हिशोब. तेरा वर्षांचा असताना तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप पोचवणारा पोऱ्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षी तिथेच पुस्तकं बांधण्याचं काम शिकायला राहिला. सात वर्षांचा करार होता.

बांधायला येणारी पुस्तकं हा पोरगा वाचायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामधला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंनी सोप्या संवादांतून लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तक, या दोन गोष्टींनी त्याला वेड लावलं. मार्सेटबाईंचं हे पुस्तक म्हणजे त्या काळातलं एक्सप्लेनरच. वाचलेलं खरं आहे का हे तो परवडेल तेवढं सामान आणून स्वतः करून बघायचा. संध्याकाळच्या विज्ञानाच्या व्याख्यानांना एक शिलिंग फी होती, ती त्याचा मोठा भाऊ द्यायचा. भाऊसुद्धा लोहारच.

याच वयात त्याला नोंदी ठेवायची सवय लागली. आयझॅक वॉट्सच्या एका पुस्तकात वाचलेलं, ऐकलेलं लिहून ठेवण्याचा सल्ला होता, तो त्याने मनावर घेतला. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या शेवटच्या चार व्याख्यानांचे पास दिले. डेव्ही तेव्हा लंडनचा स्टार होता, सोडियम आणि पोटॅशियम शोधलेला माणूस. फॅरेडेने ती व्याख्यानं आकृत्यांसकट उतरवली, घरी येऊन स्वच्छ लिहिली, स्वतःच्या हाताने छान बाइंडिंग केलं आणि ते पुस्तक डेव्हीला पाठवून नोकरी मागितली. आपण गिटहबची लिंक जोडून अर्ज करतो, तसंच काहीसं.

नोकरी लगेच मिळाली नाही. मधेच डेव्हीच्या डोळ्याला एका स्फोटात इजा झाली, तेव्हा काही दिवस लिहून घ्यायला त्याने फॅरेडेला बोलावलं. मग प्रयोगशाळेतल्या एका मदतनिसाला मारामारीवरून काढून टाकलं आणि १ मार्च १८१३ ला ती जागा फॅरेडेला मिळाली. त्याच वर्षी डेव्ही पती-पत्नीसोबत तो युरोपच्या दौऱ्यावर गेला. पॅरिसमध्ये आयोडीन पाहिलं, फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाने हिरा जाळताना पाहिला, मिलानमध्ये बॅटरी बनवणाऱ्या व्होल्टाला भेटला. आणि डेव्हीच्या बायकोने त्याला घरगड्यासारखं वागवलं, तेही सोसलं. दीड वर्षाचा हा प्रवास म्हणजे त्याचं कॉलेज.

पुढे शिष्य गुरूच्या पुढे जायला लागल्यावर डेव्हीला ते जड गेलं. १८२१ मध्ये फॅरेडेने चुंबकाभोवती तार सतत फिरत ठेवून दाखवली. विजेवर फिरणाऱ्या मोटरची ती सुरुवात. फोन व्हायब्रेट करणारी मोटर याच वंशातली. पण विल्यम वोलस्टनची कल्पना त्याचं नाव न घेता वापरली, अशी कुजबुज सुरू झाली आणि फॅरेडेला ती फार लागली. १८२४ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचा फेलो करण्याचा प्रश्न आला तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष असलेल्या डेव्हीनेच विरोध केला. तरी तो निवडून आला, विरोधात फक्त एक मत पडलं. डेव्हीबद्दल त्याने आयुष्यभर वाईट शब्द काढला नाही असं म्हणतात. मला वाटतं, तो डेव्हीच्या बाबतीत जरा जास्तच उदार होता.

दहा वर्षं न लागलेला प्रयोग

विजेने चुंबक बनतं हे १८२० पासून माहीत होतं. मग चुंबकाने वीज का बनू नये? फॅरेडेने हा प्रश्न अनेकदा हातात घेतला. १८२५ मध्ये करून पाहिलं, काही नाही. १८२८ मध्ये पुन्हा, काही नाही. प्रत्येक वेळी डायरीत लिहून ठेवलं की परिणाम दिसला नाही.

२९ ऑगस्ट १८३१ ला त्याने लोखंडाची एक कडी घेतली, साधारण सहा इंच व्यासाची. तिच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे, दुसऱ्या बाजूला वेगळ्या तारेचे. तेव्हा प्लॅस्टिक चढवलेली वायर मिळत नव्हती, म्हणून वेढ्यांमध्ये सुतळी आणि कापड घालून इन्सुलेशन केलं. पहिल्या कॉइलला बॅटरी जोडली. दुसऱ्या कॉइलला जोडलेल्या तारेजवळची सुई क्षणभर हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी काढली, पुन्हा क्षणभर हलली. मधल्या वेळेत पूर्ण शांत.

इतकी वर्षं सगळेजण सतत वाहणारा करंट शोधत होते. पण वीज तयार होते ती फक्त बदल होताना, चालू किंवा बंद करण्याच्या क्षणी. नजर चुकली तर दिसणारही नाही अशी गोष्ट. आज वायरलेस चार्जरवर फोन ठेवता तेव्हा खालच्या कॉइलमधला करंट सेकंदाला लाखाहून जास्त वेळा दिशा बदलतो तो याचसाठी, कारण बदल नसेल तर वरच्या कॉइलमध्ये काहीच येणार नाही. वायरच्या चार्जरमध्येही एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि ती लोखंडी कडी हाच पहिला ट्रान्सफॉर्मर. अमेरिकेत जोसेफ हेन्रीलाही स्वतंत्रपणे हेच सापडलं होतं, पण फॅरेडेने आधी छापलं.

यानंतर, १८३२ च्या ऑगस्टमध्ये, त्याने डायरीची पद्धत बदलली. प्रत्येक परिच्छेदाला नंबर द्यायचा. एकपासून सुरू, आणि मग कुठेही न थांबता पुढे. कारण सरळ होतं. त्याला आठवत नव्हतं. चाळिशीतच तो मित्रांना लिहायला लागला होता की डोकं जड होतं, चक्कर येते, गोष्टी सुटून जातात. नंबर असला की आज लिहिताना मागची नोंद सांगता येते: अमुक नंबर पाहा, तिथे याच्या उलट दिसलं होतं. आपण टीममध्ये तिकीट नंबर वापरतो ते याच कामासाठी. काम करणाऱ्याला लक्षात असेल यावर सिस्टीम चालत नाही. वर्षभराने बग परत येतो तेव्हा ज्याने तो सोडवला होता तो कंपनी सोडून गेलेला असतो. फॅरेडेच्या बाबतीत सोडून गेलेला माणूस तो स्वतःच होता.

चांदीवरचा काळा थर

१८३३ च्या सुरुवातीला तो एक वेगळाच प्रश्न तपासत होता. पाण्यातून वीज जाते, पण बर्फातून जात नाही. मग घन पदार्थ वितळले की वीज सोडायला लागतात का? त्याने एकामागून एक पदार्थ तपासायला घेतले. त्यात सिल्व्हर सल्फाइड आलं. हा पदार्थ तुम्ही पाहिलेला आहे. चांदीचे पैंजण किंवा निरांजन काळं पडतं, तो काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड.

थंड असताना त्यातून वीज अगदी कमी गेली. खाली दिवा धरला तशी वाढत गेली, तेही पदार्थ वितळण्याच्या कितीतरी आधी. दिवा काढला, पुन्हा कमी झाली. धातूंच्या बरोब्बर उलट. आपल्याला इतर कुठल्याही पदार्थात असं दिसलेलं नाही हे त्याने नोंदवलं, त्याच वर्षी छापलं, आणि पुढच्या कामाला लागला.

आज आपण अशा पदार्थांना सेमीकंडक्टर म्हणतो आणि फोनची प्रत्येक चिप त्यांचीच असते. धातूत इलेक्ट्रॉन आधीच मोकळे असतात. तापवल्यावर अणू जास्त थरथरतात आणि त्यांची वाट अडवतात. सेमीकंडक्टरमध्ये बहुतेक इलेक्ट्रॉन बांधलेले असतात, उष्णता मिळाली की त्यातले काही सुटतात, म्हणून करंट वाढतो. (काटेकोरपणे सांगायचं तर सिल्व्हर सल्फाइडमध्ये चांदीचे आयनही सरकतात, म्हणजे तो थोडा गुंतागुंतीचा नमुना आहे. बॅटरीतल्या थर्मिस्टरमध्ये सहसा मँगनीज, निकेल वगैरेंची ऑक्साइडं असतात.) हे सगळं फॅरेडेला कळायला इलेक्ट्रॉन तरी माहीत हवा होता. तो सापडला १८९७ मध्ये.

इथे थोडं थांबतो. एखादी गोष्ट आपल्या समजुतीत बसत नाही, तेव्हा बहुतेक लोक काय करतात? मीटरमध्ये चूक असेल, कनेक्शन लूज असेल, जाऊ दे. लॉगमध्ये कधीतरीच येणाऱ्या वॉर्निंगकडे आपण असंच बघतो. फॅरेडेने मीटर, कनेक्शन सगळं तपासलं, मग मान्य केलं की हे खरं आहे आणि मला समजत नाही.

पुढच्याच वर्षी त्याने केंब्रिजच्या विल्यम व्हेवेलच्या मदतीने नवे शब्द रूढ केले: इलेक्ट्रोड, अ‍ॅनोड, कॅथोड, आयन. तुमच्या बॅटरीवर लिहिलेल्या लिथियम-आयनमधला आयन तिथून आला. १८३६ मध्ये त्याने बारा फुटांची एक मोठी पेटीच उभी केली, बाहेरून तारेची जाळी आणि धातूचा पत्रा लावलेली, आणि स्वतः आत जाऊन बसला. बाहेर ठिणग्या उडत होत्या, आत त्याच्या उपकरणांना काहीच कळलं नाही. लिफ्टचं दार बंद झाल्यावर तुमचा कॉल तुटतो, त्यालाही अशीच धातूची पेटी कारणीभूत असते.

फसलेल्या प्रोजेक्टची काच

१८४० च्या आसपास तो कोसळला. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं. काही वर्षं जवळपास संशोधन नाही, मधे स्वित्झर्लंडमध्ये विश्रांती. बायको सारा सोबत होती. त्यांना मूल नव्हतं. वयाची पन्नाशी, डोकं साथ देत नाही, नाव तर झालेलंच आहे. इथे कोणी थांबलं असतं तर कोणी दोष दिला नसता.

१८४५ मध्ये तो परत प्रयोगशाळेत आला. प्रकाशाचं आणि चुंबकाचं काही नातं आहे का, हा प्रश्न घेऊन. पोलराइझ केलेला प्रकाश चुंबकाजवळच्या वेगवेगळ्या पदार्थांतून सोडून पाहिला. हवा, साध्या काचा, क्रिस्टल. काही नाही. मग त्याने कपाटातून एक जुनी काच काढली.

या काचेची कथा वेगळी आहे. १८२० च्या दशकात रॉयल सोसायटीच्या समितीने त्याला दुर्बिणींसाठी उत्तम काच बनवायचं काम दिलं होतं. कित्येक वर्षं भट्टीसमोर गेली, आणि दुर्बिणीच्या दृष्टीने हाती फारसं काही लागलं नाही. त्यात बनलेले शिसं घातलेल्या जड काचेचे तुकडे तसेच पडून होते. १३ सप्टेंबर १८४५ ला यातलाच एक तुकडा चुंबकाजवळ ठेवला, आणि प्रकाशाची पोलरायझेशनची दिशा फिरली.

फायबर इंटरनेटमध्ये लेझरचा प्रकाश उलटा परत येऊ नये म्हणून आयसोलेटर नावाचा भाग असतो. तो याच परिणामावर चालतो. त्या भट्टीतून आणखी एक गोष्ट आली होती: चार्ल्स अँडरसन हा निवृत्त सार्जंट. काचेच्या कामासाठी ठेवलेला हा माणूस पुढे कित्येक वर्षं फॅरेडेचा मदतनीस राहिला.

सगळ्या प्रयोगांना असं फळ आलं नाही. गुरुत्वाकर्षणाने वीज तयार होते का हे पाहायला त्याने १८४९ मध्ये उंचावरून वस्तू पाडून पाहिल्या. काही मिळालं नाही, आणि काही मिळालं नाही हे त्याने रीतसर छापलं. १८५० च्या दशकात सोन्याचे इतके बारीक कण पाण्यात बनवले की पाणी माणकासारखं लाल दिसायला लागलं. सोनं लाल का दिसतं याचं उत्तर त्याने कणांच्या आकाराशी जोडलं. आज कोणी नॅनो-गोल्डवर काम करतं तेव्हा सुरुवात इथून सांगितली जाते. त्याने बनवलेल्या त्या द्रावणाच्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून आहेत, आणि द्रावण अजून लालच आहे.

या वर्षांत स्मरणशक्ती आणखी ढासळली. एकदा कित्येक आठवडे खपून त्याने एक काम पूर्ण केलं आणि मग जुन्या नोंदींत पाहिलं, तर तेच काम काही महिन्यांपूर्वी करून झालेलं, निष्कर्षही तोच. त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. नंबर दिलेली डायरी नसती तर हे त्याला कळलंही नसतं.

गणित त्याला येत नव्हतं. संपूर्ण डायरीत समीकरण असं जवळपास नाहीच. चुंबकाभोवतीच्या जागेत बलरेषा पसरलेल्या असतात असं चित्र तो डोळ्यासमोर ठेवायचा, आणि बऱ्याच गणितींना ते पोरकट वाटायचं. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुणाला मात्र तसं वाटलं नाही. त्याने आधी फॅरेडेचं छापलेलं लेखन वाचलं, मग त्या बलरेषांना गणितात बसवलं. १८५७ मध्ये फॅरेडेने त्याला पत्र लिहून विचारलं की गणितात काढलेले निष्कर्ष साध्या भाषेतही मांडता येणार नाहीत का, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील. मॅक्सवेलच्या त्या समीकरणांतून रेडिओ लहरी निघाल्या. तुमच्या स्क्रीनवरच्या नेटवर्कच्या दांड्या त्याच.

रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद देऊ केलं तेव्हा त्याने नाही म्हटलं. १८५८ पासून राणीने दिलेल्या हॅम्प्टन कोर्टच्या घरात राहायला मिळालं. डायरीतले नंबर १६,०४१ पर्यंत गेले.

१२ मार्च १८६२ ला त्याने शेवटचा प्रयोग केला. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ज्योत ठेवली आणि तिच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा बदलतात का ते पाहिलं. बदल दिसला नाही. तेवढं लिहून ठेवलं. २५ ऑगस्ट १८६७ ला तो वारला.

नेदरलँड्समधल्या पीटर झीमनने फॅरेडेच्या या प्रयत्नाबद्दल मॅक्सवेलच्या लेखनात वाचलं होतं. फॅरेडेला हे करून पाहावंसं वाटलं असेल तर जास्त चांगल्या उपकरणांनी पुन्हा पाहायला हवं, असा त्याचा विचार. १८९६ मध्ये त्याला रेषा रुंदावताना दिसल्या. १९०२ चं नोबेल त्याला आणि लोरेंट्झला मिळालं.

सिल्व्हर सल्फाइडच्या नोंदीला जास्त थांबावं लागलं. तापल्यावर काही पदार्थ वीज जास्त का सोडतात, याची नीट थिअरी अ‍ॅलन विल्सनने मांडली ती १९३१ मध्ये. म्हणजे ९८ वर्षांनी. त्याच्या पुढच्याच वर्षीपासून फॅरेडेची डायरी सात खंडांत छापून यायला लागली, नंबरांसकट. सिल्व्हर सल्फाइड दुसऱ्या खंडात आहे.